बीड जिल्ह्यातील एका अर्जाची बखर

बीड जिल्ह्याच्या गतकालाविषयी बोलताना खजाना विहीर, कंकालेश्वराचे शिल्पवैभव, परळीचे ज्योतिर्लिंग, मुकुंदराजांची समाधी आणि रझाकारांचे दिवस यांची आठवण काढण्याचा प्रघात आहे, आणि तो गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या जिल्ह्यातील मनुष्याने विद्येच्या प्राप्तीसाठी, पिढी बदलली की पत्ता बदलत, कधी हैदराबादेस, कधी मुंबईस, कधी औरंगाबादेस आणि आता नाशकास जे अर्ज रवाना केले, त्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो दगडावर कोरलेला नसून दप्तरांत गुंडाळलेला असल्यामुळे सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्या अर्जांपैकी एकाच अर्जाची हकीकत येथे सांगावयाची आहे. रोग, रक्त, पेशी, जंतू आणि औषधे यांच्या अभ्यासात, म्हणजे ज्यांना आज जैववैद्यक शास्त्रे म्हणतात त्यांत, पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याचा हा अर्ज होय. तो कोणाकडे करावयाचा, त्यास कोणते दाखले जोडावयाचे आणि तो मंजूर करणाराची मर्जी कशावर बसणार, हे दर पंचवीस-तीस वर्षांनी पालटत गेले आहे. आणि प्रत्येक पालट आधीच्या अन्यायाचे परिमार्जन म्हणूनच झाला, हे त्यातील विशेष.

निजामाच्या अमलात बीडकराच्या दृष्टीने सरकार म्हणजे पाटील-पटवारी, त्यांच्यावर तहसीलदार, त्याच्यावर अव्वल तालुकदार आणि या सर्वांच्या पलीकडे, पाहण्याचा योग सहसा न येणारे हुजूर. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि साहेबापुढे इंग्रजी अशा तीन भाषांच्या तीन उंबरठ्यांवर अडखळत ज्याचे शिक्षण व्हावयाचे, त्या विद्यार्थ्याला पश्चिमेस सीना नदीपलीकडे इंग्रजी मुलखातले अहमदनगर जवळ दिसे. पण त्याचा सरकारी रस्ता मात्र हैदराबादेकडे जाई. हैदराबादेत वैद्यकीय शिक्षणाची शाळा १८४६ साली निघाली होती, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरवून, शास्त्रीय ग्रंथांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र दारुल तर्जुमा उभारण्यात आला. देशी भाषेतून उच्च विज्ञान शिकविण्याचा हा प्रयोग धाडसी होता यात शंका नाही. मात्र ती देशी भाषा मराठवाड्यातील कुणब्याच्या घरची नव्हती, हे त्या प्रयोगाचे गुणगान करणारे विसरतात.

संस्थानाच्या नोकरीत शिरावयाचे तर 'मुल्की' असल्याचा दाखला लागे: संस्थानात जन्म, अथवा पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि कायम राहण्याची प्रतिज्ञा. बाहेरून आलेल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी साऱ्या जागा बळकावू नयेत म्हणून घातलेला हा निर्बंध मुळात रयतेच्या हिताचाच होता. विलायतेस जाऊन शिकण्याची छात्रवृत्ती मात्र हुजुरांच्या कृपेवर अवलंबून असे. अघोरनाथ चट्टोपाध्यायांच्या कन्येस, म्हणजे पुढे सरोजिनी नायडू म्हणून विख्यात झालेल्या मुलीस, १८९५ साली निजामाच्या छात्रवृत्तीवर इंग्लंडला जाता आले. पण तिचे वडील स्वतः एडिंबरोचे डी.एस्सी. होते आणि राहणे राजधानीत होते. माजलगावच्या किंवा पाटोद्याच्या एखाद्या हुशार मुलाची कीर्ती हुजुरांच्या कानांवर कोणी आणि कशी घालावी, याची काही तजवीज त्या व्यवस्थेत नव्हती.

संशोधन मात्र त्या राज्यात चालू होते, आणि तेही जगाने दखल घ्यावी असे. १८८८ आणि १८८९ साली डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने हैदराबादेत क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग बसले. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्राने आपला प्रतिनिधी पाठवावा म्हणून निजाम सरकारने एक हजार पौंड मंजूर केले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. आणि क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे, असा जो निकाल देण्यात आला तो विसाव्या शतकाच्या आरंभीच चुकीचा ठरला. दुसऱ्या आयोगानंतर आठच वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेच्या छावणीत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परोपजीवी दिसला. ज्याच्या अंगावर ते डास चावू देण्यात आले त्या हुसेन खान नावाच्या रुग्णास डासामागे एक आणा मिळाला आणि रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा हिशेब कोणावर दोषारोप करण्यासाठी मांडलेला नाही. परंतु या मुलखाचा ताप, या मुलखाचे रक्त आणि या मुलखाचे डास घेऊन जी विद्या निर्माण झाली, तिच्या निर्मितीत या मुलखाच्या मनुष्यास अर्ज करण्याजोगी एकच जागा होती, ती म्हणजे रुग्णाची, हे ध्यानात ठेवल्यावाचून पुढची कथा कळावयाची नाही.

त्या काळी रॉसलाही पीएच.डी. नव्हती आणि ती असण्याचे कारणही नव्हते. ही पदवी जर्मनीतली. इंग्लंडात ती ऑक्सफर्डने १९१७ साली आणि केंब्रिजने त्यानंतर थोड्याच काळात स्वीकारली, आणि तिकडून ती आपल्याकडे आली. तिच्याबरोबर एक नवीन नातेही आले. तोवर विद्यापीठ परीक्षा घेई आणि उमेदवार उत्तरपत्रिकेवरील एका क्रमांकापलीकडे कोणी नसे. आता एका प्राध्यापकाने एका विद्यार्थ्याला आपला म्हणून पत्करावयाचे आणि त्याच्या कामाची जामीनकी घ्यावयाची, असा प्रकार सुरू झाला. अर्ज हुजुरांकडून गुरूकडे वळला. गुरुशिष्यपरंपरेचे गोडवे गाण्याची आपल्या समाजास सवय असल्याने हा बदल पुष्कळांना सुखावणारा वाटला असेल. परंतु एका माणसाच्या हाती दार सोपविले की त्या माणसाचे सारे पूर्वग्रहही त्या दारावर पहारा करू लागतात.

याचे मराठी माणसास ठाऊक असावे असे उदाहरण कमला भागवत यांचे. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनीने १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण करून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज धाडला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले, गुण निर्विवाद, तेव्हा अर्ज नामंजूर होण्याचे कारण नव्हते. संचालकपदी चंद्रशेखर वेंकट रामन होते, ज्यांना तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळालेले. त्यांनी उमेदवार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून नकार दिला. कमलाबाई बंगलोरला गेल्या, समोरासमोर कारण विचारले, आणि नकाराचा स्वीकार करावयाचे नाकारले. अखेर त्यांना घेण्यात आले ते अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही, संचालकांचे समाधान झाल्यावाचून कामास मान्यता मिळणार नाही, आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहाध्यायांचे चित्त विचलित होता कामा नये. प्रकाशाचे विकिरण ज्यांनी उलगडले त्यांना प्रयोगशाळेतील एका मुलीचे अस्तित्व उलगडू नये, याला काय म्हणावे! वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर संस्थेचे दार स्त्रियांसाठी उघडले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या ऊतींतील सायटोक्रोम सी या द्रव्याविषयी अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली, आणि स्वदेशी परतल्यावर कमला सोहोनी या नावाने नीरा, कडधान्ये आणि गरिबांच्या आहारातील पोषण या विषयांवर काम केले. चारशे पानांचे बाड तराजूत घालून विद्वत्ता जोखण्याची आजची रीत पाहिली म्हणजे त्या चाळीस पानांची आठवण मुद्दाम करून द्यावीशी वाटते.

दहा वर्षांनी, १९४९ साली, पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे कमल रणदिवे, यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली ती टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर काम करून. गुरू चांगला भेटला म्हणजे तीच व्यवस्था किती फलद्रूप होते याचा हा दाखला. पण दोन्ही उदाहरणांत विद्यार्थिनी पुण्या-मुंबईच्या परिघातील आणि शिक्षित घरातील आहेत, हेही तितकेच खरे.

त्याच सुमारास बीड जिल्ह्यात काय चालले होते? अंबाजोगाई, जिचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होते आणि जिथे हैदराबाद कंटिंजंटची घोडदळाची छावणी पूर्वी राहून गेली होती, तेथे १९३५ पासून एक संन्यासी योगेश्वरीच्या शाळेत शिकवीत होता. व्यंकटेश खेडगीकर हे त्याचे पूर्वाश्रमीचे नाव. स्वामी रामानंद तीर्थ या नावाने तो पुढे साऱ्या संस्थानास माहीत झाला. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत त्यांनी जे केले ते शास्त्रीय संशोधन नव्हे. पण मराठी मुलाला मराठीतून विचार करता यावा आणि त्याने कोणासमोर लाचार होऊ नये, एवढे त्या शाळेने साधले. १९३८ साली ते राजकारणात उतरले, संस्थानातील मुक्तिलढ्याचे नेते झाले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. त्यानंतर उर्दूची जागा कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत इंग्रजीने घेतली, त्यामुळे जी पिढी उर्दूतून विज्ञान शिकली होती तिला ते पुन्हा एकदा नव्याने शिकावे लागले. या हानीविषयी मुक्तीच्या आनंदात फारसे कोणी बोलले नाही.

पुढची वर्षे वेगाने सांगता येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. हैदराबादेचा रस्ता बंद होऊन औरंगाबादेचा सुरू झाला. १९७४ च्या सुमारास अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, त्यास स्वामीजींचेच नाव देण्यात आले, आणि त्या नावात 'ग्रामीण' हा शब्द जाणीवपूर्वक घातला गेला. जिल्ह्याचे मुख्य ठाणे सोडून तालुक्याच्या गावी असे महाविद्यालय काढणे हे तेव्हा नवलाचे होते, आणि ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा आशियातील पहिले असा उल्लेख अजूनही अंबाजोगाईकर अभिमानाने करतात. ज्या गावी मराठीच्या आद्य ग्रंथांपैकी एक, 'विवेकसिंधु', शके १११० मध्ये रचला गेला असे परंपरा सांगते, त्या गावात आठशे वर्षांनी शवविच्छेदनाची टेबले लागली, हा योग मला तरी विसंगत वाटत नाही.

तथापि महाविद्यालय आले म्हणून पीएच.डी.चा अर्ज अंबाजोगाईत थांबला असे झाले नाही. एम.बी.बी.एस. झालेल्याचा ओढा एम.डी., एम.एस. कडे, पीएच.डी. म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांत शिकविणाऱ्यांचे आणि विज्ञान शाखेच्या एम.एस्सी. झालेल्या मुलांचे काम, अशी समजूत रुजली. त्या मुलांचे संभाषण ऐकावे: गाईड मिळाला का, सिनॉप्सिस झाली का, आरआरसी, म्हणजे आराखडा मान्य करणारी समिती, केव्हा आहे. गाईडला विद्यापीठाची मान्यता हवी, त्याच्याकडे जागा रिकामी हवी. प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थी ही मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने घातली ती कामाचा दर्जा राहावा म्हणून. पण जिथे मान्यताप्राप्त गाईडच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथे हीच मर्यादा रांग लांबविते. जून १९९८ मध्ये नाशकास महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये औरंगाबाद, पुणे, नागपूर अशा आपापल्या विद्यापीठांतून निघून त्याच्या छत्राखाली गेली. अंबाजोगाईतील वैद्यकीय शिक्षकाचा अर्ज नाशकास, आणि त्याच गावातील प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.चा अर्ज औरंगाबादेस, अशी वाटणी झाली. परळीची बाजू सोडली तर जिल्ह्यास फार काळ रेल्वे नव्हती, आणि बीड शहरात आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तेव्हा या सर्व वाटा एस.टी.च्या.

गाईडच्या मर्जीचा जाच सर्वांना ठाऊक होता, म्हणून त्यावर उपाय निघाला तो परीक्षेचा. १९८४ पासून संशोधन छात्रवृत्तीसाठी देशव्यापी परीक्षा सुरू झाली, आणि पाच वर्षांनी अध्यापकाची पात्रताही त्याच परीक्षेत, म्हणजे नेटमध्ये, समाविष्ट करण्यात आली. जीवविज्ञानासाठी ती परीक्षा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची. वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे १९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून जन्मलेल्या आणि १९४९ साली नामांतर झालेल्या संस्थेची, परीक्षा निराळी. छात्रवृत्ती मिळाली म्हणजे विद्यार्थी स्वतःचा खर्च घेऊन येतो, आणि मग गाईड त्याच्याशी जरा निराळ्या सुरात बोलतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या मुलास महिना सदतीस हजार रुपये संशोधनासाठी मिळावेत, हे निजामाच्या काळी फर्मानानेही घडले नसते. त्याशिवाय राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, ज्यांच्या रकमा वेळेवर मिळाव्यात म्हणून विद्यार्थ्यांना पुण्यात उपोषणास बसावे लागते, हेही त्या अर्जप्रक्रियेचे एक अलिखित कलम मानावयास हरकत नाही.

२००९ च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठास प्रवेशपरीक्षा बंधनकारक केली, तेव्हापासून 'पेट' हा शब्द मराठवाड्यातील बोलीत रूढ झाला. २०२२ च्या नियमांनी परीक्षेस सत्तर आणि मुलाखतीस तीस टक्के वजन दिले, प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली, आणि स्त्री विद्यार्थ्यांना दोन वर्षांची जादा मुदत व प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा कायम ठेवली. कमला भागवतांच्या अटींचे कागद ज्यांनी वाचले असतील त्यांना या एका कलमाचे मोल कळेल. २०२४ साली नेटचेच गुण सर्व विद्यापीठांना प्रवेशासाठी धरता यावेत असे ठरले, आणि त्याच वर्षी १८ जूनला झालेली अनुदान आयोगाची नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली. पाठोपाठ विज्ञान विषयांची परीक्षाही पुढे ढकलण्यात आली. माणसाच्या मर्जीतून सुटण्यासाठी जे यंत्र आणले त्यालाही माणसेच चालवितात, याचा तो अनुभव महागात पडला. आणि परीक्षेत विचारले जाते ते काय? सायटोक्रोमची साखळी, प्रतिपिंडांची रचना, संख्याशास्त्र. तुला कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे, हे विचारण्याची पाळी त्या तीस टक्क्यांत, पंधरा-वीस मिनिटांत येते.

प्रश्नांचा तर या भागात दुष्काळ नाही. दुष्काळाच्या जिल्ह्यात तेवढे पीक उदंड. शेजारच्या बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत १९८७ पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, आणि ग्रामीण लोकसंख्येची अशी देशातील ती पहिली नोंदवही होय. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून, टाटा मेमोरियल, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग केला. १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या, आणि त्यास कारणीभूत विषाणूची तपासणी एकदाच केली तरी मृत्यू निम्म्याच्या आसपास येतात हा २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगातील पुष्कळ देशांच्या आरोग्यधोरणात उतरला. ज्या स्त्रियांच्या गटाला तुलनेसाठी तपासणीविना ठेवण्यात आले त्यांच्याविषयी पुढे नैतिकतेचा वाद माजला, तोही अकारण नव्हता. खुद्द बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली भरल्या, राज्यात सर्वांत कमी. आणि २०१९ साली शासनाच्या समितीस, पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. नवरा-बायकोच्या जोडीस जेथे 'कोयता' म्हणतात, मुकादमाची उचल जेथे अंगावर असते आणि एक दिवस पडून राहिल्यास जेथे खाडा लागतो, तेथे तिशीच्या आतबाहेर गर्भाशय गमावलेल्या बाईच्या हाडांचे, हृदयाचे आणि मनाचे पुढील वीस वर्षांत काय होते, हा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेत शोभावा असा आहे.

असा प्रश्न घेऊन आज जो विद्यार्थी अर्ज करील, त्यास पूर्वीच्या कोणासही न करावा लागलेला आणखी एक अर्ज करावा लागतो. त्याचा आराखडा, विद्यापीठाने मान्य केला तरी, रुग्ण ज्या रुग्णालयातले त्याच्या नैतिकता समितीपुढे जातो. अशा समित्यांची नोंदणी २०१९ च्या नियमांनी आवश्यक केली आहे. म्हणजे रुग्ण अंबाजोगाईचे असतील तर कागद अंबाजोगाईस यावयाचा. समितीनंतर खुद्द त्या बाईकडे. तिला समजेल अशा मराठीत संमतिपत्र तयार करून, तिला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून, मग अंगठा; आणि वाटेल तेव्हा, कारण न सांगता, बाहेर पडण्याची तिला मोकळीक. हुसेन खानास असा कागद कोणी दाखविला नव्हता.

व्यवहारात अडचण येते ती पंचांगाची. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या नाहीतर कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. विद्यापीठाचे प्रवेश, अभ्यासक्रम आणि सहामाही प्रगती-अहवाल मात्र जुलै-जानेवारीच्या हिशेबाने चालतात. श्रावणात जिची संमती घेतली तिचे रक्त सहा महिन्यांनी पुन्हा तपासावयाचे तर फडावर जावे लागते, मुकादमाची परवानगी घ्यावी लागते, आणि शीतपेटी बैलगाडीच्या वाटेने न्यावी लागते. ज्याने असा विषय निवडला त्याने गळीत हंगाम आधी मांडून, त्याभोवती आपले तीन ते सहा वर्षांचे वेळापत्रक बसवावे. अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही, तेव्हा ते 'संशोधनपद्धती' या मथळ्याखाली लिहावे, म्हणजे मुलाखतीत कोणीतरी विचारतेच.